फुगियाचं काळीज

गिरगाव,
२० नोव्हेंबर

प्रिय सबीना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. घाबरू नकोस, इथे सगळे जिवंत आहोत. वाडीतला पाण्याचा पंपसुद्धा अजून जिवंत आहे, रोज कण्हतो तेवढंच. दर रविवारी आपण बोलतो, तरीही कागद घेऊन बसले, कारण फोन नेरिसाच्या हातात असतो, स्पीकरवर असतो, आणि आपण रंगात आलो की तुमच्याकडचं भांडी धुण्याचं मशीन घरघरायला लागतं. मला तुझ्या एकटीशी बोलायचंय. तुझी लेक मराठी फाडफाड बोलते पण तिला वाचता येत नाही, हे आज माझ्या पथ्यावर पडलंय. तू वाच, आणि तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

आधी फुगिया. तुला दुसऱ्या कशात रस नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. दुपारचे तीन वाजलेत. अख्खी वाडी झोपली आहे, तुझ्या व्हरांड्यातली मनीप्लांटची पानंसुद्धा झोपल्यासारखी लोंबतायत. हा माझ्या पायाशी लादीला पोट टेकून पडलाय आणि स्वप्नात धावतोय. पुढचे पाय हलतात, मिशा थरथरतात, मधूनच बंद तोंडाने असा भुंकतो की वाटावं, लांब कुठेतरी दुसराच कुत्रा भुंकला. मी लिहायचं थांबवून बघत बसते. कुठे धावत असेल गं हा? चौपाटीवर? की तुझ्या व्हरांड्यातून मागच्या विहिरीपर्यंत, तू हाका मारायचीस तेव्हा धावायचा तसा? की तिकडे तुझ्या मिसिसागाच्या बर्फात, जिथे तो कधी गेलाच नाही? न पाहिलेली जागा कुत्र्याला स्वप्नात दिसते का, हे डॉक्टर प्रितीला विचारायचं होतं. ठाकूरद्वारला तुझ्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी आलेली ती चष्मेवाली मुलगी. पण हसेल म्हणून राहून गेलं.

तू गेल्या वर्षी सप्टेंबरात गेलीस ती दोन महिन्यांसाठी. मोडलेल्या खुब्याला आराम पडला की परत येते, तोवर पट्टा तुझ्या हातात, असं म्हणाली होतीस. मी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून घेतला. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासळी आली, मटण आलं, पण कुत्रा उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. सासूबाई तर तुझ्या पहिल्या कुत्र्याची सावली पडली तरी उंबरा धुवायच्या. आमचे मनमोहन गेल्यापासून त्या उंबऱ्याआत मी एकटी, आणि आता हा निम्मा लॅब्रॅडोर, निम्मा गिरगावकर. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तू फुगिया तळत होतीस आणि कढईतल्या त्या टम्म गोळ्यांसारखंच हे एवढंसं पिवळंधमक, गोल पिल्लू ओट्याखाली येऊन बसलं, तेव्हा तू झारा हातात धरूनच त्याचं बारसं उरकलंस. सात वर्षं होतील येत्या ख्रिसमसला.

मग या मे महिन्यात नेरिसाचा फोन आला. मम्मी आता परत येणार नाही, आँटी, फुगियाला इकडे आणायचंय. मी तिला सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात, त्याच्या काळजात कसलासा आवाज येतो, विमानाचा प्रवास झेपायचा नाही. तेव्हापासून तू दर रविवारी विचारतेस, तो बरा कधी होईल, इकडे कधी येईल. नेरिसा म्हणते, तू खिडकीपाशी बसून असतेस, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, आणि फुगियाचं नाव निघालं तरच मान वळवतेस. तेव्हा आज तो कसा आहे ते सगळं, सकाळपासून, सावकाश सांगते. मधे पानं गाळू नकोस.

पहाटे साडेपाचला माझ्या गादीच्या कडेवर हनुवटी येऊन टेकते. आवाज नाही, चाटणं नाही, नुसते दोन डोळे. गजराच्या घड्याळाला थापटून गप्प करता येतं, याला येत नाही. आम्ही निघतो तेव्हा वाडीत दिवे पिवळे असतात आणि कुणाच्या तरी घरी चहात आलं ठेचत असतात. क्रुसापाशी तो थांबतो. तू रोज थांबून हात लावायचीस ना, त्याला वाटतं तिथे थांबायचंच असतं. मग मीही थांबते, हात जोडते, तुमच्या पद्धतीने करता येत नाही म्हणून आमच्या पद्धतीने. तिथून चौपाटी. त्या वेळी समुद्राला रंगच नसतो गं. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळत नाही, मलबार हिल अर्धवट पुसल्यासारखी दिसते, आणि त्या राखाडी उजेडात हा पुढे चालतो, मी मागे. मला कधी कधी वाटतं आपण दोघी अजून झोपेतच आहोत आणि हा आपल्याला फिरवून आणतोय.

सुरुवातीला मी त्याला ओढायचे. खांब दिसला की हा थांबणार, कोपरा दिसला की नाक खुपसणार, आणि मी आपली चल रे, चल रे. डॉक्टर प्रितीने मला एकदा झापलं. म्हणाली, "काकू, तुमच्या हातातून कोणी पेपर ओढून घेतला तर चालेल का? घेऊ द्या वास. पायांपेक्षा नाकाने जास्त दमतो तो." तेव्हापासून मी थांबते. एका खांबाला कधी कधी पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मी गिरगाव बघते, जे मी सत्तर वर्षांत कधी बघितलं नव्हतं, कारण मी कायम कुठेतरी पोचायच्या घाईत होते. मेच्या उन्हाळ्यात आठनंतर बाहेर नेत नव्हते. रस्त्यावर पालथा हात टेकवून बघायचा, मला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसायचं नाही. फुटपाथवर वाकून रस्त्याला हात लावणारी बाई बघून लोकांना मी वेडी वाटले असेन. वाटू दे.

घरी आलं की पायपुसण्यावर बसायचं आणि चारही पंजे आळीपाळीने द्यायचे, हे तू शिकवलेलं तो विसरलेला नाही. ओलं फडकं बोटांच्या मधे फिरवते, मग कोरडं. पावसाळ्यात तिथे लाल झालं होतं एकदा, मलम लावलं, चार दिवसांत गेलं. कान आठवड्यातून एकदा, कापसाच्या बोळ्याने, दिसतं तेवढंच पुसायचं, आत काडी घालायची नाही. गोचीड शोधायला मी मनमोहनांचा वाचायचा चष्मा लावते. मानेखाली, शेपटीच्या मुळाशी, काखेत. या वर्षभरात तीन सापडल्या, तिन्हींची नोंद कॅलेंडरवर आहे. दात आठवड्यातून तीनदा, त्याच्याच पेस्टने, आणि त्या वेळी तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी याच्या बापाचा खून केलाय. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी केळ्यात लपवून. रेबीजचं इंजेक्शन जूनमध्ये झालं. आंघोळ पंधरा दिवसांनी. तुझ्याकडे थंडी, तर त्याहून लांबवलीस तरी चालेल, पण विंचरायचं मात्र रोज. विंचरताना तो डोळे मिटतो आणि खालचा ओठ लोंबकळतो, अगदी आमचे मनमोहन न्हाव्याच्या खुर्चीत बसायचे तसा.

खाण्याच्या बाबतीत माझ्याकडून एक घोडचूक झाली, ती तुला फोनवर सांगितली नव्हती. श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही, तुला माहीतच आहे, तुझ्या घरची सुकी मासळी भाजली की मी खिडकी लावून घ्यायचे. मग याला मी पंधरा दिवस वरणभात आणि साजूक तूप घातलं, आणि सोमवारी चक्क साबुदाण्याची खिचडी. पहिले काही दिवस गुपचूप खाल्लं त्याने. नंतर भांड्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि कोपऱ्यात जाऊन बसायचा. मी आपली खूष, की बघा, घराचं वळण लागलं. पोट बिघडलं तेव्हा डॉक्टर प्रितीकडे नेलं. काट्यावर उभं केलं तर अडीच किलो उतरलेला. ती म्हणाली, "काकू, श्रावण तुमचाय. त्याला कशाला पाळायला लावता?" मी तिथे उभी राहिले आणि मला तू आठवलीस. लेंटचे चाळीस दिवस स्वतः मटणाला शिवायची नाहीस, पण फुगियासाठी बाजारातून हाडं आणायचीस. मी चिडवलं की म्हणायचीस, "उपास माझा हाय गो, त्याचा नाय."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी भर श्रावणात कोंबडी शिजवली. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, मीठ नाही, कांदा-लसूण नाही, थोडा लाल भोपळा आणि भात. खिडक्या अशा बंद केल्या होत्या, जणू खालून पोलीसच येणार आहेत. तरी वास जायचा तो गेलाच. शेजारच्या शेवंतीताईंनी दार वाजवलं आणि नाकाने हुंगत विचारलं, "वहिनी, पाहुणे आलेत काय?" मी म्हटलं, हो, आलेत, आणि आता राहणार आहेत. दसऱ्यापर्यंत त्याचं वजन भरून आलं. आता तो अठ्ठावीस किलो आहे आणि माझ्या बेचाळीस पायऱ्या एका दमात चढून वर माझी वाट बघत उभा राहतो. मीच मधल्या वळणावर कठड्याला धरून धापा टाकते.

दिवाळीचंही सांगते. पहिल्या फटाक्याला तो पलंगाखाली गेला आणि थरथरायला लागला. मी बाथरूममध्ये गादी टाकली, नळ बादलीत बारीक सोडला, आणि आम्ही दोघं आत जाऊन बसलो. पाण्याच्या आवाजात बाहेरचं पुसट झालं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याला आपल्या वाडीच्या गोष्टी सांगत होते, तुझं लग्न, बँडवाले विहिरीपाशी अडकले होते ते, नेरिसा लहानपणी माझ्या देव्हाऱ्यातला पेढा खाऊन पळायची ते. दारापलीकडे दिवाळी होती आणि आत मला इतकं बरं वाटत होतं, की फटाके थांबू नयेत असं एकदा मनात येऊन गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मग.

सबीना, मला माझ्याबद्दलही लिहू दे थोडं. अभिषेक वरळीला राहतो, चोविसाव्या मजल्यावर. मुलगा म्हणून चांगला आहे, फोन करतो, गोळ्या घेतल्यास का विचारतो. पण मनमोहन गेल्यावर आठ वर्षं मी कुलूप उघडून आत शिरायचे तेव्हा घर नुसतं घर असायचं. आता मी भाजी घेऊन येते तर जिन्याच्या तळाशी मला वरून शेपटीचे दारावर फटके ऐकू येतात. माझ्यासाठी वाजतं ते. या वयात कुणाला आपण एवढे हवे असतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. परवा स्वप्न पडलं, वाडीत गुडघाभर समुद्र आलाय, अगदी स्वच्छ, तळाच्या फरश्या दिसतायत. तू तुझ्या खुर्चीत व्हरांड्यात, मी माझ्या दारात, आणि फुगिया तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तुझ्याकडे पोहतोय. दोघींपैकी कुणीच त्याला हाक मारत नव्हतं. जाग आली तेव्हा माझी उशी ओली होती.

आता माहीमचं. तीन आठवड्यांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, "माझं एक काम कर गो, सुमती. बुधवारी माहीमच्या चर्चात जा आणि फुगियासाठी मेणाचं काळीज वाहा. मी इथे नोव्हेना म्हणते, पण तिथे माझा हात पोचत नाय." तुला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. गेले. बाहेर दुकानात मेणाचे हात, पाय, डोकी, घरं, तान्ही बाळं, हल्ली विमानंसुद्धा मिळतात. मी काळीज मागितलं. बाईने विचारलं, "मिस्टरांसाठी का?" म्हटलं, कुत्र्यासाठी. ती म्हणाली, "असू दे, त्याला पण जीव असतो." फिकट पिवळं, मुठीएवढं, वजनाला काहीच नाही. ते दोन्ही हातांत धरून मी रांगेत उभी राहिले.

माझ्यापुढे पंचविशीतली एक मुलगी होती, डिलाईल रोडची. तिच्या हातातही काळीजच. आपणहून बोलायला लागली. चार महिन्यांचं बाळ, काळजाला भोक, सोमवारी ऑपरेशन. माझ्या हाताकडे बघून तिने विचारलं, "तुमचं कोण आजारी आहे, आजी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की कुणीच नाही, त्याचं काळीज अगदी ठणठणीत आहे. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी हे मोठ्याने बोलले. मी माझं मेणाचं काळीज तिच्या हातात ठेवलं, म्हटलं, हेसुद्धा तुझ्या बाळासाठीच वाहा, आणि रांगेतून बाहेर पडले. बसस्टॉपवर दोन बस सोडल्या.

तर आता कळलं तुला, पत्र कशासाठी. फुगियाला काहीही झालेलं नाही, सबीना, कधीच झालं नव्हतं. आवाजबिवाज काही नाही, डॉक्टर प्रितीने तसं एका शब्दाने म्हटलेलं नाही, ते मी फोन कानाला असताना रचलं, कारण तो गेला तर मी काय करू हे मला सुचेना. तू तिकडे जपमाळ ओढत होतीस आणि मी इकडे त्याला चौपाटीवर पळवत होते. राग येईल, तो येऊ दे, मला तो हवाच आहे. माहीमहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याची तपासणी करून घेतली. प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टर प्रितीचा कागद सोबत आहे, मानेतली चिप बसवून झाली, सरकारी परवानगीचा अर्ज अभिषेकने भरलाय. विमानाचा पिंजरा पंधरा दिवस माझ्या हॉलमध्ये उघडा ठेवलाय, त्यातच त्याला जेवायला घालते, काल दुपारी तो आपणहून आत जाऊन झोपला. नेरिसा डिसेंबरात घर आवरायला येते आहे, जाताना त्याला घेऊन जाईल. पंजे, कान, दात, भोपळा सगळं म्हणूनच एवढं लिहिलं, आता ते तुला करायचंय, आणि त्यासाठी तुला खिडकीपासून उठावं लागेल. अजून एक खोटं राहिलं. तू विचारायचीस, आठवण काढतो का माझी, आणि मी म्हणायचे, नाही गं, रुळला, विसरला. नाही विसरला. फोनवर तुझा आवाज आला की तो खाली पळत जातो आणि तुझ्या कुलूपबंद दारापुढे तासभर बसतो, दाराखालच्या फटीला नाक लावून. मी हाक मारते, तो येत नाही. म्हणून सांगते, तिकडे पोचला की मला फोन कर, जरूर कर, शिव्या द्यायला कर, पण तो झोपलेला असेल तेव्हा कर.

तुझीच,
सुमती